सापाच्या तेलात साप नव्हता

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर औषधनिर्माणशास्त्र शिकवत. मी भाषेचा विद्यार्थी. त्यांच्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही आणि माझ्या विषयावर तासभर ऐकण्याची शिक्षा तुम्हाला देणे बरे नाही. म्हणून दोन्हींच्या शिवेवरचा एक वाक्प्रचार निवडला आहे. इंग्रजीत फसव्या मालाला 'स्नेक ऑइल' म्हणतात, म्हणजे सापाचे तेल. आणि तो माल गळ्यात मारणाऱ्याला 'स्नेक ऑइल सेल्समन'. इंग्रजी वर्तमानपत्रांत हा शब्द आता औषधापेक्षा इतर गोष्टींसाठीच जास्त भेटतो. निवडणुकीतले आश्वासन, शेअर बाजारातला सल्लागार, महिन्याभरात इंग्रजी फाडफाड बोलायला शिकवणारा क्लास, कशालाही तो चिकटतो. २०२४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचे अरविंद नारायणन आणि सायश कपूर यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या फुगवलेल्या दाव्यांवर पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'एआय स्नेक ऑइल' आहे.

कोशात अर्थ दोन ओळींत मिळतो: ज्याचा काही गुण येत नाही असे, पण सर्व रोगांवर म्हणून विकले जाणारे औषध. अर्थ बरोबर आहे. पण तो वाचताना आपण मनात धरून चालतो की कोणीतरी सापाचे तेल विकत होता, अडाणी लोक ते घेत होते, आणि सापाच्या तेलाने काय होणार? माझे म्हणणे असे की या कथेत सापही निर्दोष होता आणि गिऱ्हाईकही आपण समजतो तितके भोळे नव्हते. लबाडी तिसऱ्याच ठिकाणी होती, आणि वाक्प्रचाराने नेमके तेच ठिकाण झाकले.

आधी काळ पाहू. एकोणिसाव्या शतकातली अमेरिका. त्या काळी पदवीधर डॉक्टर काय देत असत? रक्त काढत, जुलाब देत, आणि कॅलोमेल नावाचे पाऱ्याचे संयुग भरभरून पाजत. त्याने लाळ गळायची, हिरड्या सडायच्या, दात पडायचे. यादवी युद्ध चालू असताना, १८६३ मध्ये, लष्कराचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी कॅलोमेल लष्कराच्या औषधयादीतून काढून टाकले, तर डॉक्टर मंडळीच त्यांच्यावर उलटली. अशा वेळी सांधे धरलेला शेतकरी डॉक्टरकडे न जाता जत्रेतल्या तेलवाल्याकडे गेला तर त्याला मूर्ख म्हणायचे का? तेल निदान बाहेरून चोळायचे होते. दात तरी शाबूत राहत.

या मोकळ्या जागेत 'पेटंट औषधां'चा धंदा फोफावला. नाव पेटंट, पण त्यांतल्या बहुतेकांनी पेटंट कधी घेतलेच नव्हते. पेटंट घ्यायचे तर घटक उघड करावे लागतात, आणि सगळा व्यापार तर घटक लपवण्यावर उभा! तेव्हा ही मंडळी नाव, लेबल आणि बाटलीचा आकार यांची नोंदणी करत. आत काय भरायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. कायद्याने रक्षण होते ते बाहेरच्या कागदाचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हापुन्हा लागणार आहे.

माल खपवण्यासाठी तमाशे निघत. तमाशा हा शब्द मी आपल्या अर्थाने वापरत नाही, आपल्या तमाशाने कोणाला औषध विकलेले नाही. १८८१ मध्ये जॉन हीली आणि चार्ल्स बिगेलो यांनी 'किकापू इंडियन मेडिसिन कंपनी' काढली. गावाबाहेर तंबू पडायचे, वाद्ये वाजायची, मूळ अमेरिकी आदिवासींना पगारावर आणून नाचवले जायचे, आणि गर्दी रंगात आली की 'सागवा' नावाचे औषध बाहेर यायचे. किकापू ही खरी जमात आहे. त्या औषधाशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

आता आपला नायक. क्लार्क स्टॅन्ली, स्वतःला 'रॅटलस्नेक किंग' म्हणवून घेणारा. १८९७ मध्ये त्याने आपले चरित्र छापले. निम्मे गुराख्याच्या आयुष्याचे वर्णन, निम्मी तेलाची जाहिरात. आपला जन्म टेक्सासमधल्या ॲबिलीन गावी १८५४ च्या सुमारास झाला असे तो सांगे. ॲबिलीन गाव वसले १८८१ मध्ये. गावाच्या आधी सत्तावीस वर्षे जन्मलेला हा माणूस! पुढे तो म्हणतो की अकरा वर्षे गुरे राखून झाल्यावर १८७९ मध्ये आपण ॲरिझोनातल्या वाल्पी या होपी लोकांच्या वस्तीत गेलो, तिथल्या वैद्याजवळ दोन वर्षांहून अधिक काळ राहिलो आणि सापाच्या तेलाचे रहस्य शिकलो.

होपी लोकांचे सर्पनृत्य तेव्हा अमेरिकाभर गाजत होते, म्हणून त्याने नेमके तेच नाव उचलले. ते नृत्य पावसासाठी असते. नर्तक जिवंत साप तोंडात धरतात, आणि विधी संपला की ते साप रानात सोडून देतात, पावसाची प्रार्थना घेऊन जाण्यासाठी. ज्यांच्या नावावर स्टॅन्ली साप चिरत होता ते लोक साप जिवंत सोडत होते. फसवणुकीचा सगळा नकाशा मला या एका तपशिलात दिसतो. दुसऱ्याची पुण्याई उसनी घ्यायची, तिचा अर्थ उलटा करायचा आणि वर किंमत लावायची.

१८९३ मध्ये शिकागोत कोलंबसाच्या स्मरणार्थ जागतिक प्रदर्शन भरले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने शिकागोत सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद तिथे बोलले, म्हणून आपल्याला ते वर्ष ठाऊक असते. त्याच प्रदर्शनात स्टॅन्ली रंगीबेरंगी गुराखी पोशाखात उभा राहिला. पोत्यात हात घालून त्याने साप काढला, लोकांदेखत तो चिरला, उकळत्या पाण्यात टाकला, वर तरंगलेली चरबी काढली आणि तिथल्या तिथे विकली, अशी त्याची ख्याती झाली. पुढे बॉस्टनच्या एका औषधविक्रेत्याची साथ मिळाली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या बेव्हर्लीला व ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला कारखाने उभे राहिले. बाटली पन्नास सेंटला. लेबलावर यादी: संधिवात, कटिशूल, सायटिका, लचक, सूज, दातदुखी. वेदना म्हणून जे काही असेल त्यावर हे तेल.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ज्या सापामुळे हे सगळे नाव पडले त्याची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणाऱ्या लोहमार्गाच्या पश्चिम भागाचे काम हजारो चिनी मजुरांनी केले. बहुतेक सगळे क्वांगतुंग प्रांतातले. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत बोगदे खणणे, बर्फात सुरुंग लावणे ही त्यांची कामे. १० मे १८६९ रोजी युटाहमधल्या प्रोमॉन्टरी इथे दोन्हीकडचे रूळ मिळाले. या मजुरांनी आपल्याबरोबर पाणसापाचे तेल आणले, दिवसभराच्या कष्टानंतर ते सांध्यांना चोळले आणि गोऱ्या सोबत्यांनाही दिले, असे सांगतात. चिनी वैद्यकात हे तेल जुने आहे. १९८९ मध्ये रिचर्ड क्युनिन या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून असे तेल आणून तपासले. माशाच्या तेलातले जे ओमेगा-३ घटक दाह कमी करतात म्हणून आपण गोळ्यांतून गिळतो, त्यांतला ईपीए नावाचा घटक त्यात सुमारे २० टक्के निघाला. अमेरिकी रॅटलस्नेकच्या चरबीत तो बराच कमी होता. यावरून ते तेल चोळल्याने सांधे बरे होतात असे सिद्ध होत नाही, मी तसे म्हणतही नाही. एवढेच म्हणतो की चिनी मजुराच्या बाटलीत निदान साप होता.

स्टॅन्लीच्या बाटलीत काय होते ते कळायला मात्र बराच वेळ लागला. कारण विचारणारे कोणी नव्हते. विचारायचे ते वर्तमानपत्रांनी, आणि वर्तमानपत्रे याच जाहिरातींवर जगत होती. 'हॉल्स कॅटार कुअर'चा मालक फ्रँक चेनी याने जाहिरातींच्या करारात एक कलम घालण्याची युक्ती काढली: या राज्यात आमच्या औषधांना मारक कायदा झाला तर हा करार आपोआप रद्द. कलम लाल अक्षरांत छापलेले असे. संपादकाने काय करायचे ते सांगावे लागत नसे. औषधांविरुद्ध विधेयक आले की त्याला आपोआपच त्यातले दोष दिसू लागत.

कोंडी फोडली ती दोन नियतकालिकांनी. 'लेडीज होम जर्नल'चे संपादक एडवर्ड बॉक यांनी केलेली गंमत सांगतो. लिडिया पिंकहॅम या बाईंचे स्त्रियांसाठीचे वनौषधी मिश्रण अमेरिकेत घरोघरी होते. जाहिरातीत आवाहन असे: भगिनींनो, पुरुष डॉक्टरला सांगायला लाज वाटते ना? मग मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. हजारो बायका मन मोकळे करत. १९०५ मध्ये बॉक यांनी एक छायाचित्र छापले. मिसेस पिंकहॅम यांच्या थडग्याचे. त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती! त्यांच्या मिश्रणात मद्यार्क होता अठरा-वीस टक्के; मद्यपानबंदीसाठी सभा घेणाऱ्या कित्येक सोज्वळ बायका ते रोज चमचा-चमचा घेत असत. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून 'कॉलियर्स' साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांची लेखमाला सुरू झाली, 'द ग्रेट अमेरिकन फ्रॉड'. ॲडम्स यांनी एकेक बाटली प्रयोगशाळेत नेली आणि आत जे निघाले ते नावानिशी छापले. 'पेरुना' हे लाडके टॉनिक म्हणजे जवळजवळ दारूच होती.

३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल'ने मांसाच्या कारखान्यांविषयी उडवलेला हाहाकार आणि हार्वे वायली या सरकारी रसायनतज्ज्ञाची अनेक वर्षांची चिकाटी यांचे ते फळ. पण कायदा वाचला तर आश्चर्य वाटते. औषध निरुपयोगी असू नये असे तो म्हणतच नाही. मद्यार्क, अफू, मॉर्फीन, कोकेन असले पदार्थ असतील तर लेबलावर लिहा, आणि लेबलावर खोटे लिहू नका, एवढीच अट. त्यातही पळवाट निघाली. कॅन्सर बरा करतो म्हणून गोळ्या विकणाऱ्या एका जॉन्सनवर खटला झाला, तेव्हा १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की घटकांविषयी खोटे लिहिले तर तो गुन्हा, गुणाविषयी खोटे लिहिले तर या कायद्याने नाही. निकाल लिहिला होता ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्यासारख्या थोर न्यायमूर्तींनी. दुसऱ्या वर्षी शर्ली दुरुस्ती करून काँग्रेसने भोक बुजवले, तेही अर्धेच. कारण विक्रेत्याचा फसवण्याचा हेतू होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आली. मी मनापासून विश्वास ठेवून विकत होतो असे म्हणणाऱ्याचे काय करणार?

या अपुऱ्या कायद्याखाली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, स्टॅन्लीचे तेल सरकारी प्रयोगशाळेत पोहोचले. निघाले काय? मुख्यतः हलके खनिज तेल, म्हणजे पेट्रोलियमचाच प्रकार. सुमारे एक टक्का चरबी, तीही बहुधा गाईबैलांची. मिरचीचा अर्क. कापूर आणि टर्पेंटाइन असलेच तर नावापुरते. सापाचा मागमूस नव्हता. स्टॅन्लीने आरोप लढवला नाही. दंड झाला वीस डॉलर, चाळीस बाटल्यांची किंमत.

आणि गंमत अशी की हे मिश्रण अगदीच वाया गेलेले नसावे. मिरचीतल्या कॅप्सायसिनची मलमे आजही दुखऱ्या सांध्यांवर रीतसर वापरली जातात. कापूर आणि टर्पेंटाइन आपल्या घरातल्या बामच्या बाटलीवरही वाचायला मिळतील. चोळल्यावर गरम वाटत असेल, थोडा आराम पडतही असेल. प्रामाणिकपणे 'मिरचीचे तेल, कंबर शेकायला' असे लिहून त्याने ते विकले असते तर कोणी हरकत घेतली नसती. कोणी विकतही घेतले नसते. खप होता तो होपींच्या नावाचा, उकळत्या पाण्यात टाकलेल्या सापाचा, गुराख्याच्या टोपीचा. त्या पन्नास सेंटमध्ये तेलाचा वाटा फारच थोडा होता.

पुढे शब्द बाटलीबाहेर पडला. स्टीफन व्हिन्सेंट बेने यांच्या यादवी युद्धावरच्या दीर्घ काव्यात, १९२८ मध्ये, तो भामट्यांच्या वर्णनात येतो. यूजीन ओनील यांच्या १९४६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'द आइसमन कमेथ' नाटकातही. तोवर अर्थ पक्का झाला होता: सापाचे तेल म्हणजे थाप. शिक्षा सापाला झाली. चिनी मजुराचे औषध, होपींचा विधी, सगळे त्या हसण्याखाली गेले, आणि लाल अक्षरांतल्या कलमावर सह्या करणारे वृत्तपत्रमालक कोणत्याही वाक्प्रचारात सापडत नाहीत.

हा सगळा जुना, परका इतिहास झाला असे वाटत असेल तर पुढचा भाग ऐका. १९३७ मध्ये टेनेसीतल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे खरोखर गुणकारी औषध द्रवरूपात आणले. ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरले, जे मूत्रपिंडे निकामी करते. विकण्यापूर्वी त्याची विषारीपणाची तपासणी केली नाही, कारण कायद्यात तशी अटच नव्हती. शंभरावर माणसे गेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. सरकारला खटला भरायचा होता, पण कशाखाली? शेवटी आधार मिळाला लेबलाचाच. औषधाला 'इलिक्झर' म्हटले होते, इलिक्झरमध्ये मद्यार्क असतो, यात तो नव्हता. म्हणून लेबल खोटे. शंभर माणसांच्या मृत्यूबद्दल कायदा बोलू शकला तो एका शब्दाच्या आडून. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, नवा कायदा झाला आणि औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देणे सक्तीचे झाले.

हेच डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ च्या सुरुवातीला मुंबईत आले. जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून दगावले. बाटलीत ग्लिसरॉलच्या नावाखाली जे होते त्यात हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उघडी पाडली, तेव्हा मंत्रालयही हादरले. आरोग्यमंत्र्यांना जावे लागले. ते रुग्ण भोंदूकडे गेले नव्हते. सरकारी रुग्णालयात, पदवीधर डॉक्टरांच्या हातून, छापील लेबलाच्या बाटलीतून औषध घेत होते. म्हणून मी म्हणतो की 'सापाचे तेल' म्हटल्यावर जत्रेतला माणूस डोळ्यांपुढे येणे धोक्याचे आहे.

जत्रेतला माणूस आपल्याकडेही आहेच. सांड्याचे तेल विकणारे तुम्ही पाहिले असतील. कच्छ-राजस्थानच्या वाळवंटातला सांडा हा गवतपाला खाणारा निरुपद्रवी सरडा. पाठ मोडून त्याला रस्त्यावर मांडतात आणि गिऱ्हाइकादेखत तव्यावर चरबी काढतात. स्टॅन्लीने शिकागोत केले तेच. वन्यजीव कायद्याने सांडा संरक्षित आहे, तरी पुरुषत्वाची हमी विकत घेणारे काही कमी झालेले नाहीत. मात्र आपला राग सगळा या फूटपाथवरच्या माणसावर निघतो, आणि त्याच्या आडून रानातल्या पाल्याची खरी माहिती असलेले वैदूही आपण भोंदूंच्या रांगेत उभे करतो. ते मला मान्य नाही.

फूटपाथवरच्या माणसाहून मोठे तेलवाले पहिल्या पानावर असतात. आपल्याकडे १९५४ पासून औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग आणि अवस्था आहेत: कॅन्सर, मधुमेह, मोतीबिंदू, लठ्ठपणा, उंची, आणि स्टॅन्लीचा लाडका संधिवातही. यांवर आमच्याकडे इलाज आहे अशी जाहिरात करणेच गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात, डिसेंबर १९५९ मध्ये, हा कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध असल्याचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. काही तरतुदी गाळल्या, कायदा टिकला. तरी सकाळचा पेपर उघडा. २०२४ मध्ये एका बड्या आयुर्वेदिक कंपनीला सर्वोच्च न्यायालयापुढे उभे राहून वर्तमानपत्रांतून माफीनामा छापावा लागला, तेव्हा कुठे अनेकांना कळले की असा काही कायदा आहे. जाहिराती छापलेल्या वर्तमानपत्रांतच माफीही छापून आली, आणि तिचेही पैसे मोजले गेले असणार.

म्हणून आपल्याला एक विनंती. कोणी फसला असे कानावर आले की त्याच्या भोळेपणावर हसू नका. त्याला बाटली आणि बिल जपून ठेवायला सांगा. लेबलावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक आहे का ते बघा. नसेल, किंवा त्या ५४ रोगांतल्या एखाद्याची हमी देणारी जाहिरात दिसली, तर कात्रण तारखेसह कापून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आणि त्या तक्रारीची एक प्रत जाहिरात छापणाऱ्या संपादकालाही पाठवा.